मोठा हलत नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा तेच! बारावीच्या चाचणीचे पेपर तपासले आणि डोकं उठलं. प्रश्न तो काय — दोन प्रभार, एक धन, एक ऋण. एक ग्रॅमचा लहान, चार ग्रॅमचा मोठा. गुळगुळीत टेबलावर अंतर ठेवून धरलेत, मग सोडून दिले. एकमेकांना ओढणारच ते. अंतर निम्मं होईल तेव्हा लहान्याचा वेग किती? बस्स, एवढंच. आणि निम्म्या वर्गानं काय केलंय, तर एकसारख्या त्वरणाची समीकरणं लावलीत! अरे गाढवांनो, जवळ येतील तसं बल वाढत जातं. त्वरण एकसारखं राहील कुठून? इथं ऊर्जेचा नियमच हवा. स्थितिज ऊर्जा जेवढी घटली तेवढी गतिज झाली, विषय संपला. जन्मभर हेच ओरडतोय. कॉलेजात ओरडलो, आता क्लासात ओरडतो.

निवृत्त झाल्यावर जयराजच्या क्लासला ‘हो’ म्हटलं तिथंच फसलो. जयराज माझाच विद्यार्थी. बारावीला फिजिक्समध्ये काठावर पास, तोही माझ्या दयेनं. आता सांगलीच्या विश्रामबागेत त्याचा तीन मजली क्लास आहे आणि दारावर त्याचाच फ्लेक्स. गॉगल लावलेला! फिजिक्स शिकवायला गॉगल कशाला लागतो देव जाणे.

घरी आलो तर सुला गप्प. आमची ही गप्प असली की समजावं, काहीतरी शिजतंय.

४ नोव्हेंबर

शिजलं होतं ते असं — साक्षीला सातवा महिना लागला.

आमटी वाढता वाढता सुलानं सांगितलं. वर म्हणाली, “पयलं बाळातपण म्हायेरी हुतंय. मुराळी कोण जाणार?” मी म्हटलं, दार उघडंच आहे, यायचं तर यावं. तर उसळलीच. “मुराळी गेल्याबिगर लेक म्हायेराला येती व्हय कुठं? आवं, न्यायला माणूस जातंय. रीत हाय ती!”

रीत मला सांगते. दोन वर्षांपूर्वी साक्षीनं तिच्या एम.एस्सी.च्या वर्गातल्या प्रबुद्धशी साताऱ्यात नोंदणी पद्धतीनं लग्न लावून घेतलं, तेव्हा कुठली रीत पाळली? आम्ही मराठे, तो बौद्ध. मी जात मानत नाही. वर्गात नेहमी तसंच सांगत आलोय. माझा राग आहे तो न विचारता केलं याचा. हे सुलाला सांगितलं तर म्हणते, “इचारलं असतं तर व्हय म्हणला असता?” ताट सारून उठलो. भात तसाच राहिला.

उठताना एक मात्र ऐकवलंच — मोठ्यानं जागचं हलायचं नसतं, लहान्यांनी यायचं असतं. शिवाय लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हीपण आपल्यातलीच रीत. मग मी तिथं जाऊन करू काय, दारात उभा राहू? आतनं आवाज आला, “सोयीची रीत तेवढी बरी पाठ हाय तुमास्नी!”

६ नोव्हेंबर

पेपर वाटले. फळ्यावर उत्तर लिहून दिलं. खडू ठेवतोय तोच सोनिया उभी. ही विट्याची, वडलांचं कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान आहे. पोरगी इथं मावशीकडं राहते आणि सतत शंका काढते. “सर, तुम्ही सगळी गतिज ऊर्जा लहान्यालाच दिलीत. चार ग्रॅमवाला हलणार नाही का?”

मी म्हटलं, “मोठा आहे तो. मोठा हलत नाही.”

वर्ग हसला. ती नाही हसली. “पण सर, त्याला कुणी धरलेलं नाहीये ना? दोघांनाही सोडलंय.”

“बस खाली,” म्हटलं. मोबाईलवर काहीबाही बघून येतात आणि आम्हाला अक्कल शिकवतात!

८ नोव्हेंबर

बोलणं बंद आहे घरात. भाकरी मात्र वेळेवर मिळते.

९ नोव्हेंबर, रविवार

सोनिया मोबाईलवर काय बघते ते जयराजकडून कळलं. “साताऱ्याचे एक प्रबुद्ध सर हायत, सर. व्हिडिओ लय चालतात त्यांचे. आपल्या पोरांनी आपलं सोडून त्यांचं बघायचं म्हणजे अवघड हाय!” त्याला ठाऊक नाही हा प्रबुद्ध माझा कोण. क्लासात कुणालाच ठाऊक नाही. मी चहा पीत राहिलो.

दुपारी सुला शेजारी गेल्यावर व्हिडिओ लावला. हेतू एकच, चुका काढणे. सुरुवातच कशी? “नमस्कार मित्रांनो!” विद्यार्थी मित्र कधीपासून झाले? मागं निळा पडदा. हातवारे तर असे, की वाटावं माशा हाकलतोय. विषय तोच निघाला — एकमेकांना ओढणारे दोन प्रभार. मी कागद-पेन घेऊन बसलो.

यानं गणित फळ्यावर केलंच नाही. अंगणात चाकं लावलेल्या दोन फळ्या मांडल्या. एकीवर कुणीतरी आडदांड गडी बसवला, दुसरीवर स्वतः बसला. हा अगदीच काटकुळा आहे. दोघांच्या हातात एकच दोरी. आधी यानं ओढलं, गडी नुसता दोरी धरून बसला. तरी गडी पुढं सरकला! हा भरभर, तो सावकाश. भेटले तिथं खडूनं खूण केली. मग परत आपापल्या जागी जाऊन गड्यानं ओढलं, यानं नुसतं धरलं. गाठ पडली ती पुन्हा त्याच खुणेवर. “बघितलंत? कोण ओढतं याला महत्त्व नाही. ओढ दोघांना सारखीच. जड माणूस कमी सरकतो, पण सरकतो!” गडी ओरडला, “आरं, म्या तर काय केलंच न्हाई, मग म्या कसा हाललो?”

कॅमेऱ्यामागं कुणीतरी खळखळून हसलं. साक्षी. दोन वर्षांनी ऐकलं ते हसू.

बंद केला मोबाईल. एकही चूक सापडली नाही, पण व्हिडिओ अर्धाच बघितला होता.

१० नोव्हेंबर

गणित पुन्हा मांडलं. नीट, पहिल्यापासून.

सोडताना दोघंही स्थिर, म्हणजे एकूण संवेग शून्य. बाहेरून कुणी ढकलत नाही, तेव्हा तो शेवटपर्यंत शून्यच राहणार. लहान्याचा संवेग एका बाजूला जेवढा, तेवढाच मोठ्याचा दुसऱ्या बाजूला. मोठा चौपट जड म्हणून त्याचा वेग चौथाई, पण शून्य नव्हे! ऊर्जेचे पाच वाटे केले तर चार लहान्याला आणि एक मोठ्याला. मी पाचही लहान्याला देऊन मोकळा झालो होतो. हजारो पट जड असता तर चाललं असतं, कुणी विचारलंही नसतं. चौपटीला चालत नाही.

मोठा जागचा हलू नये असं वाटत असेल तर त्याला टेबलाला खिळा मारून ठोकायला हवा. आणि खिळा मारला की बाहेरचं बल आलं. मग संवेगाच्या नियमाचं नावच काढू नका.

हे असं अकरावीच्या पोराला कळतं. मला कळलं नाही! कुणाला सांगितलं नाही अजून.

१३ नोव्हेंबर

नाथाजीचा फोन. नाथाजी म्हणजे आमचा थोरला भाऊ. फौजेतनं सुभेदार होऊन आलाय, आता शिराळ्याकडं ऊस करतो आणि उरलेल्या वेळात भावकीची इज्जत राखतो. त्याला ह्या घरातली बातमी कशी पोचते कोण जाणे.

“मुराळी म्हणून जातूयास म्हणं साताऱ्याला?”

“मी कुठं जातोय!”

“जा की. जा. पर मग यात्रंला गावात तोंड दावू नगंस. भावकी काय म्हणंल, ह्येचा इचार कर.”

फौजेत सगळ्या जातींच्या पंगतीला बसून जेवला हा माणूस. एका बंकरात, एका चादरीत झोपला. छाती पुढं काढून सांगतोही. गावची वेस ओलांडून आत आला की लगेच ह्याचं ताट वेगळं! काय कीव करावी याची?

पण फोन ठेवल्यावर माझा मलाच आवाज ऐकू येत राहिला. ‘मी कुठं जातोय!’ गृहपाठ न केलेलं पोर बोलतं तसा. नाथाजीला मी जन्मात कधी किंमत दिली नाही. बारावी नापास माणूस! मग त्याला एवढं दचकून उत्तर का दिलं? हाच तो खिळा. ठोकणारा तो, आणि डोकं पुढं करून ठोकून घेणारा मी.

१४ नोव्हेंबर

क्लासात चुकीचं उत्तर दुरुस्त करावं म्हणून जयराजला आधी कल्पना दिली. तो म्हणतो, “सर, चूक झाली म्हणून सांगू नका. क्लासचं नाव खराब हुतं. प्रश्नच रद्द करू, सगळ्यांना मार्क देऊन टाकू. कुणाला कळतंय!”

कुणाला कळतंय! याच बुद्धीनं हा काठावर पास झाला होता. माझा विचार आधी डळमळीत होता, पण जयराज नको म्हणाला म्हटल्यावर प्रश्नच मिटला. सरळ वर्गात गेलो, फळ्यावर दोन्ही नियम मांडले आणि म्हटलं, उत्तर माझं चुकलं होतं, सोनियाचं बरोबर. मागच्या बाकावरचा यशराज — साखर कारखान्याच्या संचालकाचा मुलगा, याला धन काय आणि ऋण काय — तो म्हणाला, “म्हंजे सर, मोठा बी हलतो?”

“हलतो. फक्त मिजाशीत असतो, म्हणून दिसत नाही.”

हसली कार्टी. मीही हसलो असेन थोडा.

१६ नोव्हेंबर, रविवार

व्हिडिओचा उरलेला अर्धा भाग बघितला. म्हटलं, अर्धवट बघून मत देणं बरं नव्हे.

शेवटी तो काय म्हणतो, “असं कुठलंही गणित आलं की आधी बाहेरचं बल शोधा, मग पेन उचला. आमचे एक सर नेहमी सांगायचे हे.”

हे वाक्य माझं! शब्द न शब्द माझा. हा माझ्या वर्गात कधी बसला नाही. साक्षी बसायची. पहिल्या बाकावर, दोन वेण्या घालून. बाप म्हणून कधी सवलत दिली नाही तिला, उलट सगळ्यात आधी तिलाच उभं करायचो. हे वाक्य तिनंच त्याच्यापाशी पोचवलं असणार. आणि त्यानं ते ‘आमचे एक सर’ म्हणून पोरांना सांगितलं. नाव नाही घेतलं. घेतलं असतं तर मी आरडाओरडा केला असता, हेही त्याला तिनंच सांगितलं असणार.

हातवारे मात्र खरंच फार करतो.

१७ नोव्हेंबर

साक्षीची फार आठवण येते. लिहून टाकलं. सुलाला सांगणार नाही.

२० नोव्हेंबर

सुलानं तोडगा काढलाय. “तुमी साताऱ्याला जाईना, ती बोलवल्याबिगर सांगलीला येईना. मग दोगंबी कराडला या. स्टँडवर भेटा. तितनं पोरगीला घिऊन या. मुराळी म्हणू नगा तर नगा म्हणू.” साक्षीला परस्पर विचारूनही झालंय. डॉक्टरांनी सावकाश प्रवास करायला हरकत नाही म्हणून सांगितलंय. म्हणजे माझ्यामागं हे सगळं चालू होतं!

मी म्हटलं, कराड कशाला, आष्टा बरं. हिशेब केला होता मी — माझं वजन तिच्या चौपट धरलं तर सांगली आणि साताऱ्याच्या मधे गाठ पडते ती बरोबर आष्ट्यात. सुलाला दोरीचा, फळ्यांचा सगळा नियम समजावून सांगितला. तिनं शांतपणे ऐकून घेतला. गवार मोडत होती.

“म्हंजे पोटुशी पोर तितनं आष्ट्यापतूर येणार, आणि तुमी धट्टंकट्टं हितनं हितं जाणार? कुणी काढला ह्यो नियम?”

कराड ठरलं. कराड साताऱ्याला जवळ, सांगलीहून लांब. म्हणजे सुलाच्या हिशेबात माझं वजन लेकीपेक्षाही कमी. तिला म्हटलं तसं, तर म्हणाली, “उगं जिवाला लावून घिऊ नगा, गवार निवडू लागा.”

२४ नोव्हेंबर

उद्या निघायचं. पिशवी तयार आहे. शेंगदाण्याची चटणी, करंज्या, जुन्या लुगड्यासारखं मऊ एक नवं पातळ — तिला नेसायला नव्हे, बाळाला गुंडाळायला. हे सगळं कराडच्या स्टँडवर कशाला, तिला इथंच तर आणायची आहे, असं विचारलं. “मुराळी मोकळ्या हातानं जात न्हाई.” मी मुराळी नाही, म्हटलं. “व्हय, व्हय,” म्हणाली.

शेजाऱ्यांना सांगितलंय, कराडला लग्न आहे.

२५ नोव्हेंबर, कराड स्टँड

बाकावर बसून लिहितोय. आलोय वेळेच्या बरंच आधी. वाटेत आष्टा लागलं तेव्हा खिडकीतून बघत बसलो. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता. ड्रायव्हर ट्रॉलीवाल्यांना शिव्या देत होता, त्या मला तंतोतंत पटत होत्या.

साताऱ्याची एक गाडी आली. नाही. दुसरी आली. पार शेवटचा माणूस उतरेपर्यंत बघितलं. नाही! चहा मागवला, तो चहा नव्हेच, गरम पाणी. पिशवी मांडीवरनं खाली ठेवायची सोय नाही, करंज्या मोडतील. बघा — बाप एवढा लांब आला आणि हिला वेळ पाळता येत नाही. हट्टी आहे, पहिल्यापासून! आली की काय बोलायचं तेही ठरवून ठेवलंय. आधी उशिराबद्दल बोलायचं, मग बाकीचं.

तिसरीही आली. नाही.

थोड्या वेळानं. फोन आला. अनोळखी नंबर.

“सर... अप्पा... मी प्रबुद्ध बोलतोय.” आवाज व्हिडिओतलाच, पण मित्रांनो वगैरे काही नाही. साक्षी पहाटेच आवरून बसली होती म्हणे. दारात चपला घालतानाच चक्कर आली. डॉक्टरांकडं नेलं. बाळ ठीक आहे, तीही ठीक आहे, पण रक्तदाब वाढलाय. आता बाळंतपण होईपर्यंत अंथरुणातनं उठायचं नाही, प्रवासाचं तर नावच नको. “ती रडतीय, अप्पा. तुम्ही रागावून परत गेला असाल म्हणते. मी म्हटलं, मीच फोन करतो. तुम्ही सावकाश सांगलीला जा, मी रोज कळवत जाईन.”

मी ‘बरं’ म्हटलं. उशिराचं ठरवलेलं बोलणं तर कुठल्या कुठं गेलं.

आता ती हलणार नाही. हलायचंच नाही तिला. इतके दिवस मोठा हलत नाही, मोठा हलत नाही म्हणून छाती पिटत होतो, आणि न हलणारी निघाली ती. म्हणजे सगळं अंतर लहान्याच्या वाट्याला.

सांगलीची गाडी लागलीय. कंडक्टर ओरडतोय, आष्टा, सांगली, आष्टा, सांगली. पलीकडच्या फलाटावर साताऱ्याची उभी आहे. नाथाजीचा फोन वाजतोय. वाजू दे.

२६ नोव्हेंबर, सातारा

काल दारातच प्रबुद्धनं पाण्याचा तांब्या पुढं केला. आमची रीत त्याला माहीत असावी, हात जरा आखडलेलाच होता. बाळ व्हायला अजून अवकाश आहे. घटाघटा प्यालो. मग आणखी एक मागून घेतला.